ग्रोथ दाखवा, नाहीतर चाकण

आमच्या धंद्यात ऑर्डर मिळायला महिने लागतात आणि किस्सा जागेवर मिळतो. सकाळी एखाद्या डाळमिलला जावं, दुपारी एखाद्या पशुखाद्याच्या कारखान्यात बसावं, संध्याकाळी ऑफिसात परतावं. ऑर्डर नसते, पण सांगण्यासारखं काहीतरी असतंच. माझी बायको म्हणते, तुमच्या कंपनीनं पगार थांबवला तरी तुम्ही नोकरी सोडणार नाही, ऐकणारं माणूस मिळालं म्हणजे झालं.

धंदा म्हणजे ऑटोमेशन. कारखान्यातली मशीनं आपली आपण चालावीत म्हणून जे लागतं ते आम्ही विकतो. मशीनला 'थांब' आणि 'पळ' सांगणारा कंट्रोलर, मोटारीचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, समोर पोतं आलं की नाही ते बघणारा सेन्सर. कंपनी पुण्याची. धाराशिवच्या ऑफिसात आम्ही तिघं. ब्रँच मॅनेजर जाधव सर, दुरुस्तीला मुजाहिद आणि विक्रीला मी, संतोष. जाधव सर कधी हसत नाहीत. विनोद करतानाही त्यांचा चेहरा श्रद्धांजलीच्या सभेतला असतो, त्यामुळं तो विनोद होता हे आम्हाला घरी गेल्यावर कळतं.

गेल्या वर्षी पुण्याला नवे झोनल हेड आले, साने साहेब. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना आलेखांवर फार प्रेम होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की देशभर ऑटोमेशनचं मार्केट वाढतंय. गाड्यांच्या कारखान्यांत वाढतंय, औषधांच्या कारखान्यांत वाढतंय, खाण्यापिण्याच्या वस्तूंत तर विचारूच नका. मग धाराशिव तेवढं का वाढत नाही? दिवाळीपर्यंत ग्रोथ दाखवा, नाहीतर ऑफिस बंद करून सोलापूरला जोडू. सरांना सोलापूर, मुजाहिदला नांदेड आणि मला चाकण, असं त्यांनी त्याच मीटिंगमध्ये वाटूनसुद्धा टाकलं.

माझी बायको वर्षा येरमाळ्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. ज्यांना शिक्षकांच्या बदल्या माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, मी चाकणला गेलो असतो तर ती तिकडं येईपर्यंत तिची रिटायरमेंट आली असती. मुलगी नुकतीच भिंतीला धरून चालायला लागली होती. तेव्हा हे किस्से ऐकून हसायचं तर हसा, पण ते सगळं वर्ष मी मनातून घाबरलेला होतो.

*

दर सोमवारी सकाळी पुण्याचा व्हिडिओ कॉल असायचा. पडद्यावर आलेख, आलेखावर बाण, बाणाचं तोंड वर. त्या दिवशी साने साहेब म्हणाले, सगळं मार्केट आता स्मार्ट फॅक्टरीकडं चाललंय. मग त्यांनी प्रत्येक ब्रँचला विचारलं, तुमचं मार्केट सध्या कुठंपर्यंत पोचलंय?

लातूर म्हणालं, आम्ही तयारीत आहोत. सोलापूर म्हणालं, आम्ही पोचल्यातच जमा आहोत.

जाधव सर म्हणाले, "साहेब, आमचं मार्केट लाइटच्या डीपीवर चढलंय. सकाळपासून फ्यूज टाकायचं चाललंय."

एवढं बोलून झालं आणि आमच्या ऑफिसातली लाइट गेली. कॉल तुटला. पुण्याला वाटलं, जाधव सर चिडून मीटिंगमधून उठून गेले. त्यानंतर बरेच सोमवार साने साहेब त्यांच्याशी फार अदबीनं बोलायचे, 'जाधव सर' म्हणायचे, जेवण झालं का विचारायचे. सरांनी शेवटपर्यंत खुलासा केला नाही.

*

लोहाऱ्याला अप्पांची डाळमिल आहे. अप्पा म्हणजे पांढरं धोतर, कपाळाला भस्म आणि बोलण्यात घाई अजिबात नाही. त्यांच्याकडं पोती भरायचं आणि मोजायचं मशीन विकायला मी गेलो. पुण्यानं पाठवलेलं भाषण पाठ करून गेलो होतो. अर्धा तास बोललो. भाषणाचा शेवट असा होता की हे मशीन बसवलं की तुमची चार माणसं कमी होतील.

अप्पांनी चहा संपवला, कपबशी बाजूला ठेवली आणि विचारलं, "कुठली चार?"

मी वळून बघितलं. पोत्यांपाशी चार माणसं उभी होती. अप्पांनी ओळख करून दिली. एक मेव्हणा, एक साडू, एक भाचा आणि एक चुलते. चौघांनी मला नमस्कार केला.

"मशीन घ्यायला माझी काय ना न्हाय," अप्पा म्हणाले. "पण मेव्हण्याला कमी केलं हे घरात तुमी सांगायचं. आज रात्री जेवायलाच या."

मी त्या दिवशी जेवायला थांबलो नाही. पण गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात अप्पांनी मशीन घेतलं! बसवून झाल्यावर आम्ही बघायला गेलो, तर चौघंही जागेवरच. मेव्हणा आणि भाचा मशीनकडं बघत उभे होते. साडू आणि चुलते त्या दोघांकडं बघत उभे होते.

साने साहेबांनी सोमवारी विचारलं, ग्राहकाचं मनुष्यबळ किती वाचलं? जाधव सर म्हणाले, "साहेब, सगळं वाचलं."

*

त्याच मशीनचा पुढचा किस्सा. आमच्याकडं धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, असं मोजायचं. अप्पांच्या वडिलांनी तसंच मोजलं, त्यांच्या वडिलांनीही. आणि आमचं मशीन पहिल्या पोत्याला सरळ 'एक' दाखवायचं.

अप्पांचा फोन आला. मशीन चांगलं आहे, तक्रार नाही, पण रोज सकाळी पहिलंच पोतं अशुभ निघतंय, तेवढं बघा.

मी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्यांना कळवलं की पहिल्या आकड्याच्या जागी 'लाभ' पाहिजे. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि तीन प्रश्न पाठवले. लाभ हे एकक आहे का? दिवसातून दोनदा लाभ झाला तर चालेल का? आणि तोटा झाला तर काय दाखवायचं? जाधव सरांनी तिन्ही प्रश्नांचं मिळून एकच उत्तर पाठवलं, तोटा आमच्याकडं कुणाला दाखवत नाहीत.

शेवटी मुजाहिदनंच जाऊन जमवलं. मशीनवरचा डिस्प्ले आकड्यांचा, त्यात मराठी अक्षरं येत नाहीत. त्यानं इंग्रजी अक्षरं कशीबशी बसवली, लाल दिव्यांत एल, ए, बी, एच. अप्पांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा घाबरून फोन. मशीन बंद करून ठेवलंय, कारण त्यावर काहीतरी इंग्रजी आलंय आणि फॉल्टच्या पुस्तकात ते कुठंच नाही.

मुजाहिद म्हणाला, "भाऊ, ते फॉल्ट न्हाय, ते शुभ हाय. चालू द्या."

ही सोय आणखी किती ग्राहकांना हवी आहे, असं साने साहेबांनी विचारलं. मी फिरून चौकशी केली. सोय सगळ्यांना हवी होती. मशीन कुणालाच नको होतं. संध्याकाळी घरी गेलो की वर्षा दारातच विचारायची, काही वाढलं का? मी नाही म्हणून मान हलवायचो. ती गुपचूप चहा टाकायची. त्या काळात आम्ही दोघांनी चाकण हा शब्द घरात काढायचा नाही असं ठरवलं होतं, आणि त्यामुळं दोघांच्याही डोक्यात दुसरं काही नसायचं.

*

मग पुण्यानं आम्हाला मदत म्हणून एक रोबोट पाठवला. विकायला नाही, दाखवायला. मार्केटमध्ये वातावरण तयार करा म्हणाले.

रोबोट म्हणजे नुसता हात. खांदा, कोपर, मनगट आणि पुढं चिमटा. आम्ही तो ऑफिसच्या काचेमागं बसवला. तो टेबलाच्या डाव्या बाजूचं खोकं उचलायचा, उजव्या बाजूला ठेवायचा, मग उजव्या बाजूचं उचलून परत डाव्या बाजूला. दिवसभर. बाहेर गर्दी जमली. समोरच्या कोर्टात तारखेला आलेली माणसं तारीख पडली की सरळ आमच्याकडं यायची.

एक म्हातारबाबा बराच वेळ बघत होते. त्यांनी विचारलं, "बाकीचं अंग कवा येनार?"

जाधव सर म्हणाले, "बाबा, सध्या एवढंच मंजूर झालंय."

"मग आधी डोकं मागवायचं हुतं," म्हातारबाबा म्हणाले आणि एसटी चुकेल म्हणून निघून गेले.

त्यांच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, डोक्यावर बाजाराची पाटी. त्यांनी खोकं डावीकडून उजवीकडं जाताना बघितलं, उजवीकडून डावीकडं येताना बघितलं आणि मला एवढंच विचारलं की परत तिथंच ठेवायचं होतं तर उचललं कशाला. मी इंजिनिअर आहे. मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

रोबोट महिनाभरानं पुण्याला परत गेला. त्या महिन्यात ऑर्डर आल्या नाहीत, पण शेजारच्या चहावाल्याचा धंदा चांगलाच वाढला. सरांनी रिपोर्टमध्ये प्रामाणिकपणे लिहिलं, परिसरात वाढ दिसून आली.

*

पावसाळ्यात पुण्याहून नवीन मागणी आली. प्रत्येक ब्रँचनं आपल्या भागात मार्केट कशामुळं वाढतं त्याची कारणं शोधून सांगायची. लातूरनं मजुरांची टंचाई सांगितली. सोलापूरनं मालाचा दर्जा आणि निर्यात सांगितली.

जाधव सर उठून उभे राहिले. ते कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की पुण्याला त्यांचं फक्त पोट दिसायचं, पण आवाज व्यवस्थित जायचा. ते म्हणाले, "साहेब, आमच्या भागात मार्केट वाढायचं मुख्य कारण भावांची भांडणं."

पुण्याला कळेना. सरांनी समजावून सांगितलं. दोन भावांची मिळून एक डाळमिल असते. भांडण होतं, वाटणी होते. थोरल्याला मिल जाते आणि धाकटा त्याच्याच समोर रस्त्यापलीकडं दुसरी मिल टाकतो. थोरल्यापेक्षा आपलं मशीन नवीन पाहिजे म्हणून धाकटा ऑटोमॅटिक घेतो. मग थोरल्याला झोप लागत नाही, तोही घेतो. एका भांडणात दोन गिऱ्हाइकं. एकोपा राहिला तर आपल्याला काहीच मिळत नाही.

मग साने साहेबांनी घसा साफ केला आणि विचारलं, "कंपनी म्हणून आपण याला काही प्रोत्साहन देऊ शकतो का?"

सर म्हणाले, नको साहेब, ते काम बायका आणि साडू बघतात.

वर्षा हे ऐकून माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. किस्सा सरांचा होता, पण घरी सांगितला मी.

*

आता शेवटचा.

भाद्रपद संपत आला तेव्हा साने साहेबांनी आमच्या ब्रँचचा मागच्या काही वर्षांचा आलेख पडद्यावर घेतला. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. आलेख वर्षभर जमिनीला टेकून चाललेला. फक्त एका ठिकाणी, दरवर्षी आश्विन महिन्यात, सेन्सरची विक्री सरळ उभी वर जायची आणि दिवाळीच्या आत परत खाली यायची.

"इथं काहीतरी घडतंय," साने साहेब म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खूश वाटला. हंगाम सुरू व्हायच्या आधी इथले कारखानदार आधुनिकीकरण करतात, असा त्यांनी निष्कर्ष काढला. ही लाट नीट पकडली तर धाराशिवला भवितव्य आहे, असंही म्हणाले.

मुजाहिदनं आमचा माइक बंद केला. आम्ही तिघांनी एकमेकांकडं बघितलं.

लाट वगैरे काही नव्हती. आश्विनात खंडेनवमी येते. त्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक कारखान्यात मशीनची पूजा होते. मशीनच्या सगळ्या अंगाला हळदीकुंकू लागतं आणि सेन्सर म्हणजे तर मशीनचा डोळा, त्याला आधी लागतं. डोळ्यावर कुंकू बसलं की त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि मशीन चालत नाही. मग ते कुंकू थिनरनं पुसतात. थिनरनं काच म्हणून लावलेलं प्लास्टिक पांढरं पडतं. मग नवीन सेन्सर घेतात. हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही दरवर्षी सांगतो, ते दरवर्षी मान डोलावतात. पण वर्षभर आपल्यासाठी राबलेल्या मशीनच्या सगळ्या अंगाला कुंकू लावायचं आणि डोळा तेवढा वगळायचा, हे कुणाच्या मनाला पटत नाही. माझ्याही नाही, खरं सांगायचं तर.

आम्ही माइक चालू केला तेव्हा साने साहेब म्हणत होते की या वर्षी ही लाट मी स्वतः येऊन बघणार. ऑफिसचं काय ते त्याच दिवशी संध्याकाळी सांगून टाकतो.

म्हणजे खरं कारण त्यांना कळलं की माझं चाकण नक्की. रात्री वर्षाला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना पूजा नसलेल्या कारखान्यात न्या. असा कारखाना जिल्ह्यात नव्हता.

सरांनी त्यातल्या त्यात येरमाळ्याचा तात्यांचा पशुखाद्याचा कारखाना निवडला. तात्या जुने गिऱ्हाईक, समजूतदार माणूस. मी आदल्या दिवशी जाऊन हात जोडून सांगितलं की यंदा साहेबांसमोर सेन्सरला कुंकू लावू नका. तात्यांनी माझी अडचण नीट ऐकून घेतली. म्हणाले, "तुमच्या संसाराचा सवाल हाय, कळतंय मला. साहेब गेल्यावर लावतो." मुजाहिदनं वर आणखी सावधगिरी म्हणून सेन्सरला प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली.

खंडेनवमीला साने साहेब आले. तात्यांनी स्वागत केलं, उपवासाची भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाऊ घातली, कारखाना दाखवला. मशीन धुऊन पुसून उभं होतं, झेंडूच्या माळा घातलेल्या. साहेबांना सगळं आवडलं. मग त्यांचं लक्ष पिशवीकडं गेलं.

"हा तर आपलाच सेन्सर! असा झाकून का ठेवलाय?" ते म्हणाले. "आलेल्या माणसाला आपला माल दिसला पाहिजे." आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पिशवी सोडली. सेन्सर नवा होता, चकचकीत, वर कंपनीचं नाव.

तेवढ्यात तात्यांच्या घरच्यांनी हळदीकुंकवाचं तबक आणलं. तात्यांनी ते घेतलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि पाहुण्याला मान द्यायची त्यांची जन्माची सवय आड आली. तबक त्यांनी साने साहेबांपुढं धरलं. पहिला मान पुण्याच्या साहेबांचा.

साहेबांनी बूट काढले. खिशातला रुमाल डोक्यावर घेतला. तबक हातात धरून त्यांनी मशीनकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. कुठं लावावं ते त्यांना उमगेना. सगळीकडं लोखंड, पट्टे, नटबोल्ट. मग त्यांची नजर आपल्या कंपनीच्या नावावर आली. त्यांनी सेन्सरच्या बरोबर मधोमध, अनामिकेनं, आधी हळद लावली आणि मग कुंकू. वर एक अक्षता चिकटवली. मागं सरकून डोळे मिटून हात जोडले. आम्हीही जोडले. मी कशासाठी जोडले ते देवाला माहीत.

नारळ फुटला. तात्यांनी हिरवं बटण दाबलं. पट्टा जागचा हलला नाही. परत दाबलं. सेन्सरला समोर कायमचं काहीतरी उभं आहे असं दिसत होतं, त्यामुळं मशीन पुढचं पोतं घेईना. जाधव सर छताकडं बघत होते. मुजाहिदनं बॅगेच्या चेनला हात घातला होता आणि तो तसाच राहिला होता.

साने साहेबांनी सेन्सरकडं बघितलं. मग स्वतःच्या बोटाकडं बघितलं.

तात्यांना वाईट वाटलं. ते साहेबांजवळ गेले आणि हळू आवाजात धीर देत म्हणाले, "साहेब, मनाला लावून घेऊ नका. दरसाल माझ्या हातनं होतंय, मग नवा सेन्सर घेतो. औंदा तुमच्या हातनं झालं. सगळ्या जिल्ह्यात असंच हाय."

साने साहेबांनी डोक्यावरचा रुमाल काढला, बोट स्वच्छ पुसलं, रुमालाची घडी करून खिशात ठेवली आणि बूट घातले.

"जाधव सर," ते म्हणाले, "कळंबच्या कारखान्यांत पूजा किती वाजता असते?"